वहिनींची गिटार आणि सरांचा डबा

गिटारच्या क्लासमधला सराव संपला, वहिनींनी गिटार मांडीवरून खाली ठेवली, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "आता सुरू करताय ना?"

वहिनी घरी आल्या आणि गिटार पलंगावर आडवी टाकून तिच्या शेजारी स्वतःही आडव्या झाल्या. सरांनी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही." सर पंचवीस वर्षं नवरा होते. 'काही नाही' म्हणजे किती आहे याचा त्यांना अंदाज होता. हळूहळू सगळं बाहेर आलं. वाचनालयाच्या सभागृहात क्लासचा कार्यक्रम होता. त्यात वहिनींना दोन गती, म्हणजे दोन छोट्या रचना, एकटीने वाजवायच्या होत्या. आणि वहिनींचा हात असा की, तारेला दुखेल की काय या बेताने त्या तार छेडायच्या. घरी पंखा बंद केला, दार लावलं, सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबवलं, की फार गोड ऐकू यायचं. सभागृहात दोनशे माणसं, आणि ती पान उलटायची थांबणारी नव्हेत.

"मी जाणार नाही," वहिनी उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "क्लासच्या बाईंना उद्या कळवते."

"कळवायची गरज नाही," सर म्हणाले. "प्रीअँप करू."

"काय करू?"

सरांनी समजावून सांगितलं. समजावणं हा त्यांचा धंदाच होता. शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत. गिटारच्या पोटात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या बरोबर खाली, एक पितळी चकती चिकटवायची. लाकडाची थरथर त्या चकतीला कळते. पण ती ते इतक्या बारीक आवाजात सांगते की लाऊडस्पीकरला काही पत्ताच लागत नाही. तर मधे एक डबी बसवायची. चकतीचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं, थोडं मोठं करायचं आणि पुढे द्यायचं, एवढंच तिचं काम. "एक ट्रान्झिस्टर, चार-दोन फुटकळ वस्तू आणि एक सेल. अर्ध्या रविवारचं काम आहे."

वहिनी उठून बसल्या. "तुम्ही करणार? म्हणजे स्वतः? हातांनी?"

या प्रश्नाने सर जे हादरले, त्यातून ते नीटसे सावरले नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी फळ्यावर वीज वाहवली होती. त्यांच्या खडूच्या रेघांतून विजेचा प्रवाह एकदाही अडला नव्हता, कधी ठिणगी उडाली नव्हती, कधी फ्यूज गेला नव्हता. खरी वायर मात्र त्यांनी शेवटची हातात धरली ती कपडे वाळत घालायला, हे खरं. घरातले दिवेही वहिनीच बदलायच्या. सर खाली उभे राहून स्टूल धरायचे आणि तत्त्व सांगायचे. पण म्हणून असं विचारायचं?

"हातांनीच," सर म्हणाले. "पायांनी कोण करतं?"

सोमवारी सामान आलं. मंगळवारपर्यंत इमारतीत बातमी पसरली, आणि सल्ले यायला लागले.

पहिले आले तळमजल्यावरचे तारमास्तर. त्यांनी उभी हयात तारखात्यात काढली होती, आणि विजेवर चालणारी जगातली प्रत्येक वस्तू ही आपल्या तारयंत्राचं बिघडलेलं नातवंड आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी ट्रान्झिस्टर चिमटीत धरून उजेडाकडे केला. तीन पायांचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा ठिपका.

"हा?" ते म्हणाले. "हा आवाज मोठा करणार? आमच्या वेळेला वस्तू बघूनच कळायचं की ही काहीतरी करू शकते."

"आकारावर नसतं, मास्तर."

"नसेल. पण उलटा लागला तर?"

"मी पदार्थविज्ञान शिकवतो," सर शांतपणे म्हणाले.

ट्रान्झिस्टर उलटा लागला. पण ते नंतर.

दुसऱ्या आल्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. त्या वहिनींच्या मैत्रीण. कार्यक्रमात शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायचं त्यांनी कबूल केलं होतं. घर आणि दवाखाना एकाच मजल्यावर, त्यामुळे रोग्याच्या दाढेत औषध भरून ते वाळेपर्यंत खाली येऊन जाण्याची त्यांना सवय होती. सर त्या वेळी कॉफीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खिळा आणि हातोडा घेऊन भोक पाडत होते. डबा आपला पोटात जात होता, भोक काही पडत नव्हतं.

"अहो सर, काय हे! द्या इकडे," असं म्हणून त्यांनी डबा वर नेला आणि दहा मिनिटांत परत आणला. तीन भोकं, कशी रेखीव, गुळगुळीत. "मधलं जरा खोल गेलंय," त्या म्हणाल्या. "दोन तास काही खाऊ नका." मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या वर पळाल्या.

रविवार उजाडला. सरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चष्म्यावर चष्मा चढवला आणि सोल्डरिंगचं काम हाती घेतलं. या कामाबद्दल पुस्तकात एकच ओळ असते: 'सर्व जोड सोल्डर करून घ्यावेत.' ती ओळ लिहिणाऱ्या माणसाला तीन हात असावेत. एका हातात तापलेली सळई, दुसऱ्या हातात सोल्डरची तार, आणि जे दोन पाय जोडायचे ते धरायला कोण? सरांनी तार ओठांत धरून पाहिली. मदतीला आलेल्या तारमास्तरांनी ट्रान्झिस्टरचा पाय बोटांनी धरून पाहिला आणि तारखात्यात कधीच न वापरलेला एक शब्द उच्चारला. वितळलेला थेंब जिथे पडायला हवा होता तिथे सोडून सगळीकडे पडला: वर्तमानपत्रावर, त्याखालच्या टेबलक्लॉथवर, आणि त्याखालच्या टेबलावर. टेबल वहिनींच्या माहेरचं होतं.

दुपारी जोडणी झाली. सेल लावला. काहीच झालं नाही. सर खुशीत म्हणाले, "बघा, काहीच झालं नाही!" म्हणजे धूर वगैरे. पण डबीतून आवाजही आला नाही, आणि दोन मिनिटांनी सेल इतका तापला की तारमास्तरांनी तो चमच्याने उचलून बेसिनमध्ये टाकला. तेव्हा ट्रान्झिस्टर उलटा असल्याचं निघालं. तारमास्तर नुसते खिडकीबाहेर बघत बसले, आणि सरांना त्याचाच जास्त त्रास झाला.

नवा ट्रान्झिस्टर सुलटा बसवला. सगळं अजून उघड्यावरच होतं. डब्यात घालण्याआधी चालतंय का ते बघू, असा विचार. घरचा स्पीकर जोडला, गिटार खुर्चीवर टेकवून ठेवली, आणि सरांनी बटण दाबलं.

गिटार म्हणाली, "मच्छीमारांनी पुढील दोन दिवस खोल समुद्रात जाऊ नये."

सरांच्या हातातली सळई गळून पडली. खोलीत तिघं होते: सर, तारमास्तर आणि गिटार. पहिल्या दोघांनी तोंड उघडलं नव्हतं.

"वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता आहे," गिटार म्हणाली, अगदी स्वच्छ, बाईच्या आवाजात.

तारमास्तर उठून ताठ उभे राहिले. आतून वहिनींनी हाक मारली, "अहो, कोण आलंय? बसायला सांगा, मी चहा टाकते!"

सरांना कारण समजायला पाच मिनिटं लागली, आणि ती पाचही मिनिटं त्यांनी त्या गिटारपासून लांब, दाराच्या चौकटीत काढली. उघड्या तारा रेडिओची केंद्रं पकडतात, हे ते दर वर्षी शिकवत. मुलं ते वहीत उतरवून घेत. पण वहीत कधी बाई बोलली नव्हती.

सगळं पत्र्याच्या डब्यात बंद केल्यावर समुद्र शांत झाला. आता खरी चाचणी. सरांनी डब्याचं बटण पूर्ण फिरवलं आणि गिटार स्पीकरसमोर धरली. तीच चूक झाली. गिटारचा आवाज स्पीकरमध्ये, स्पीकरचा गिटारमध्ये, तिचा पुन्हा स्पीकरमध्ये, असा तो क्षणात वाढत गेला आणि घरातून एक किंकाळी फुटली. तशी किंकाळी त्या इमारतीने ऐकली नव्हती. काचा थरथरल्या. तारमास्तर टेबलाखाली गेले. सरांना सुचेना की कान झाकावेत की बटण बंद करावं. त्यांनी कान झाकले.

वहिनींनी धावत येऊन वायर उपटली. शांतता झाली. आणि त्या शांततेत जिन्यावरून धाडधाड पावलं उतरत आली.

दार उघडंच होतं. दारात एक बाई उभ्या होत्या. गळ्यात प्लॅस्टिकचा रुमाल, एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, डोळे पांढरे. त्यांच्या मागे हातात आरसा घेऊन दातांच्या डॉक्टर. त्या बाई सरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"फर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. जीभ बधिर असल्याने 'स' येत नव्हता. "तुम्ही?"

"नमस्कार मॅडम," सर म्हणाले. हातात गिटार होती. "रविवार म्हटलं, जरा..."

"मला वाटलं माझाच आवाज आला," एवढं कसंबसं बोलून त्या मागे फिरल्या.

सरांनी त्या दिवशी ठरवलं की मॅडमसमोर महिनाभर जायचं नाही. हा निश्चय मंगळवारपर्यंत टिकला. मंगळवारी वाचनालयाचं पत्र आलं: सभागृहात ध्वनिवर्धक उपकरण आणायचं असेल तर परवाना कार्यालयाची मंजुरी जोडावी.

परवाना कार्यालयात खिडकीपलीकडे एक कारकून बसले होते. त्यांनी छापील फॉर्म पुढे ओढला.

"उपकरणाचं नाव?"

"प्रीअँप."

"बनवणारी कंपनी?"

"मी."

कारकुनांनी मान वर केली, सरांना वरपासून खिडकीच्या कडेपर्यंत न्याहाळलं, आणि लिहिलं: 'अर्जदार'.

"किती लोकांना ऐकू जातं?"

"एकालाही नाही," सर म्हणाले. "यातून आवाज निघतच नाही. हे फक्त सिग्नल मोठा करतं."

"म्हणजे आवाज वाढवतं."

"आवाज स्पीकर वाढवतो. हे त्याच्या आधी..."

"मग परवाना कशाला हवाय?"

"नकोच आहे! तुम्हीच मागताय."

"आम्ही आवाजाला मागतो. आवाज नसेल तर नको. तुम्ही आवाज नाही असं लिहून द्या."

सर जरा घुटमळले. इथे गप्प बसून सही ठोकली असती तर प्रकरण मिटलं असतं. पण सव्वीस वर्षांची सवय. "तसं अगदीच नाही असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "तत्त्वतः..."

'तत्त्वतः' ऐकताच कारकुनांनी दुसरा, लांब फॉर्म काढला. त्यात खाली एक चौकट होती: उपकरण सुरक्षित असल्याबद्दल पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचा दाखला.

सरांचा जीव भांड्यात पडला. "तो मीच!" त्यांनी पेन काढलं.

"अर्जदार स्वतःला दाखला देऊ शकत नाही," कारकून म्हणाले. "शिक्षक अर्जदार असेल, तर त्याच्या संस्थेच्या प्रमुखाचा. उपकरण प्रत्यक्ष चालताना पाहिल्याचा."

सरांनी खिडकीचे गज धरले. शहरभर इतक्या शाळा, इतके प्रमुख, आणि त्यांच्या वाट्याला त्याच मॅडम.

मुख्याध्यापिकांनी दाखला दिला. सर टेबलासमोर उभे, नजर पेपरवेटवर, आणि मॅडम लिहिताना मोठ्याने वाचत होत्या: "सदर उपकरण चालत असताना मी एक मजला वर उपस्थित होते. उपकरणामुळे अर्जदारास कोणतीही इजा झाल्याचे दिसले नाही." मग पेन ठेवून म्हणाल्या, "इतरांचं फॉर्ममध्ये विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. कार्यक्रमाला मी येणार आहे, सर. ही वस्तू इतकं करून वाजवते काय, ते मला बघायचंय."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी क्लासमध्ये रंगीत तालीम झाली. डबा चालला, पण मधूनमधून पापड मोडल्यासारखा कडकड आवाज यायचा. सरांनी घरी येऊन डबा उघडला, एक जोड कच्चा निघाला, तो पक्का केला, आणि वहिनींना सांगितलं, "आता पाहा!" वहिनी म्हणाल्या, "हो, छानच झालाय." डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुपारी त्या डॉक्टरबाईंबरोबर काहीतरी आणायला बाहेर गेल्या आणि आल्या त्या मजेत. सरांना बरं वाटलं. बाईमाणूस धीर धरून आहे, असं ते तारमास्तरांना म्हणाले. विज्ञानावर विश्वास बसला की असं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. सर तिसऱ्या रांगेत बसले, पुढच्याच रांगेत मुख्याध्यापिका आणि त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून तारमास्तर. मंचावर खुर्ची, खुर्चीशेजारी छोट्या स्टुलावर कॉफीचा डबा, आणि डब्यावर लाल दिवा. तो दिवा पेटलेला दिसला तेव्हा सरांनी मान जरा वळवून आजूबाजूच्या लोकांना तो दिसतोय ना याची खात्री करून घेतली.

वहिनी आल्या. डॉक्टरबाई पानं घेऊन शेजारी बसल्या. वहिनींनी पहिली तार छेडली, नेहमीसारखीच, जपून, दुखणार नाही अशी.

आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

सरांनीच केलेली वस्तू, त्यांचंच तत्त्व, तरी त्यांना खरं वाटेना. ओरडा नाही, कडकड नाही. पंखा बंद करून घरी ऐकू यायचं तेच, तसंच, दोनशे माणसांत. बोट तारेवरून सरकलेलं कळत होतं. सराव संपल्यावर 'सुरू करताय ना' म्हणून विचारणाऱ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. पहिली गत संपली तशा टाळ्या कडाडल्या. मुख्याध्यापिका मागे वळल्या आणि सरांकडे बघून त्यांनी मान डोलावली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

टाळ्या थांबल्या. वहिनी सुटकेचा श्वास टाकून गिटारवर ओणवल्या, आणि पान लावणाऱ्या मैत्रिणीच्या कानाशी कुजबुजल्या. गिटारच्या पोटातली चकती मात्र जागी होती.

"बरं झालं बाई, कालच विकतचा आणला ते," सभागृहातल्या चारही कोपऱ्यांतून वहिनींचा आवाज आला. "ह्यांचा डबा नुसता दिव्यापुरता ठेवलाय. सांगू नकोस हं. मनाला लावून घेतील."

सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि तीही बहुधा शेवटच्या रांगेपर्यंत.

दोनशे डोकी सरांकडे वळली नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना 'हे' म्हणजे कोण ते माहीत नव्हतं. पण मुख्याध्यापिका वळल्या. तारमास्तर वळले. आणि त्या दोघांना वळलेलं बघून बाकीच्यांना कळलं. सरांच्या कानशिलांपासून मानेपर्यंत गरम वाफ उतरली. मंचावर वहिनींनी तोंडावर हात नेला होता; डॉक्टरबाई पानांमागे गेल्या होत्या. दिवा तेवढा लाल जळत होता, निर्लज्जासारखा.

सर उठले. घरी जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तो दिवा सोबत न्यायचा, आणि पुन्हा आयुष्यात खडूशिवाय काही हातात धरायचं नाही. भिंतीच्या कडेने ते पुढे निघाले, कारण बाहेरचं दार मंचाच्या बाजूला होतं. मंचापाशी पोचले आणि त्यांची पावलं थांबली.

फळ्यावर असो की जमिनीवर, तार दिसली की ती कुठून कुठे जाते हे बघायचं, ही त्यांची खोड. गिटारमधून एक काळी वायर निघाली होती. ती खुर्चीखाली ठेवलेल्या एका नव्या, निळ्या डबीपर्यंत आली होती, डबीला वळसा घालून पुढे गेली होती, स्टुलावर चढली होती, आणि कॉफीच्या डब्याच्या मधल्या भोकात शिरली होती.

निळ्या डबीत काहीच शिरलेलं नव्हतं.

"अहो," सरांनी मंचाच्या कडेला बसलेल्या लाऊडस्पीकरवाल्याला विचारलं. "ही वायर... इकडे कशी?"

"ती होय?" लाऊडस्पीकरवाला खणखणीत बोलणारा माणूस. "बाईंनी सांगितलं निळ्यात लाव. लावली, तर आवाजच नाही. उघडून बघतो तर आत सेलच नाही! विकतच्याबरोबर सेल येतो थोडाच. बाई तोवर आत तयार व्हायला गेलेल्या. मग म्हटलं हा डबा चालू दिसतोय, यातच खुपसा. एक नंबर चालतोय. कुठून आणला हो?"

हे पहिल्या पाच-सहा रांगांनी ऐकलं, आणि त्यांनी ते मागच्यांना सांगितलं. आधी एक हसू फुटलं, मग टाळ्या, आणि त्या कोणासाठी चालल्या आहेत हे कोणालाच नीट सांगता आलं नसतं. मुख्याध्यापिका उभ्या राहून वाजवत होत्या. तारमास्तर शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की आकारावर नसतं.

सरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते डब्याकडे बघत होते. म्हणजे मघाची ती गत याने नेली होती. आणि ती कुजबुजही, अक्षर न् अक्षर, यानेच. आपली इतकी शोभा झाली ती आपण जोड पक्का केला म्हणून! यावर हसावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना.

वहिनींचे डोळे भरले होते. त्यांनी सरांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, खुर्चीखालच्या निळ्या डबीला पायाने जरा मागे सारलं. मग त्या गिटारवर वाकल्या, या वेळी समजून-उमजून, आणि अगदी हळू, घरी बोलतात तशा बोलल्या.

"अहो, उभे का? बसा ना. दुसरी वाजवायचीय."

शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. सर मंचाच्या पायरीवरच बसले.